रॉक मैफलींच्या टेपा ज्यांच्या घरात पडून आहेत, त्या सर्वांस खुले पत्र

सप्रेम नमस्कार.

पत्रास कारण की, तुमच्यापैकी कुणाकडे अशी टेप असू शकते जिची मूळ प्रत जगात दुसरीकडे कुठेही नाही. ती तुम्ही स्वतः अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये शिकत असताना मैफलीत बसून केली असेल, तिथल्या मित्राने उतरवून दिली असेल, किंवा थोरल्या भावाच्या सामानात जुन्या खोक्यात आली असेल. हे पत्र जसे तुम्हाला आहे, तसेच ते जाणीवपूर्वक संग्रह करणाऱ्या आणि दुर्मीळ रेकॉर्डिंग मुठीत घट्ट धरून बसलेल्या मंडळींनाही आहे.

आमचे म्हणणे असे आहे. मूळ टेप चांगल्या यंत्रावरून, कसलीही सफाई न करता, जशी आहे तशी डिजिटल करून घ्या. तिची सगळी माहिती सोबत लिहा आणि ती प्रत मोकळी करा. हे यंदाच करा, कारण कॅसेटची फीत, तिच्यावरचा डिंक, तिला वाजवणारी यंत्रे आणि ती यंत्रे दुरुस्त करणारे हात, सगळेच एकदम संपत चालले आहे.

प्रेक्षकांतून केलेले रेकॉर्डिंग म्हणजे दुय्यम माल, असे अजून पुष्कळांना वाटते. तो समज सोडून द्यावा. व्हेल्वेट अंडरग्राउंड या बँडचा न्यूयॉर्कच्या ‘मॅक्सेस कॅन्सस सिटी’ या क्लबमधला लाइव्ह अल्बम १९७२ मध्ये अधिकृतपणे निघाला. तो ऑगस्ट १९७० मध्ये ब्रिजिड पोल्क हिने श्रोत्यांत बसून साध्या सोनी कॅसेट रेकॉर्डरवर टिपलेला होता. लेड झेपेलिनने १९६९ मध्ये बीबीसीसाठी वाजवलेल्या एका सत्राची मूळ टेप बीबीसीकडे उरलीच नव्हती. २०१६ मध्ये बीबीसी सत्रांचा पूर्ण संच आला, त्यात हे सत्र आले ते कुण्या चाहत्याने घरी रेडिओवरून टेप करून ठेवले होते म्हणून. पिंक फ्लॉइडच्या १९७५ च्या अल्बमला ५० वर्षे झाल्यावर २०२५ मध्ये जी विशेष आवृत्ती निघाली, तिच्यात २६ एप्रिल १९७५ ची लॉस एंजेलिस स्पोर्ट्स अरेनामधली मैफल आहे. ती माइक मिलार्ड नावाच्या चाहत्याने प्रेक्षकांतून केलेली टेप आहे आणि तिचा आवाज सुधारण्याचे काम संगीतकार स्टीव्हन विल्सनने केले आहे. ज्या टेपा त्या काळी पकडल्या गेल्या असत्या तर जप्त झाल्या असत्या, त्याच आज अधिकृत संग्रहात बसल्या आहेत.

मिलार्डबद्दल थोडे सांगायला हवे, कारण त्याच्या कामात चांगले आणि वाईट दोन्ही धडे आहेत. १९७५ पासून तो एकेजी ४५१ ई जातीचे दोन मायक्रोफोन आणि नाकामिची ५५० हा कॅसेट डेक वापरत असे. हा डेक खिशात मावणारा नव्हता, म्हणून तो व्हीलचेअरवर बसून, यंत्र खाली दडवून आत जाई. इतकी खबरदारी उगाच नव्हती. लेड झेपेलिनचा व्यवस्थापक पीटर ग्रँट टेप करणाऱ्यांवर तुटून पडत असे. १९७१ मध्ये व्हँकूव्हरला त्याने रेकॉर्डिंगचे समजून जे यंत्र फोडले, ते प्रत्यक्षात ध्वनिप्रदूषण मोजायला आणलेले होते. मिलार्डच्या टेपा अजून ताज्या वाटतात त्याला कारण आहे: दोन चांगले कंडेन्सर मायक्रोफोन, मोक्याची जागा, आणि फितीवर नेमकी पातळी. दुसरा धडा असा की तो मूळ टेपा हातातून सोडत नसे, आणि दिलेल्या प्रती कुठून फुटतात हे कळावे म्हणून त्यांवर खुणा ठेवत असे, असे सांगतात. १९९४ मध्ये तो गेला. त्याची कित्येक रेकॉर्डिंग त्यानंतरही वर्षानुवर्षे लोकांनी तिसऱ्या-चौथ्या पिढीच्या प्रतींतूनच ऐकली.

पिढी म्हणजे काय, हे नव्या मंडळींसाठी सांगतो. मैफलीत यंत्रात होती ती मास्टर. तिच्यावरून उतरवली ती पहिली पिढी, तिच्यावरून दुसरी. दोन सारख्या दर्जाच्या यंत्रांवर एक प्रत काढली की फितीची खरखर साधारण ३ डेसिबलने वाढते. त्यात पहिल्या डेकचा वेग थोडा कमी, दुसऱ्याचा थोडा जास्त, एकाच्या हेडचा (फीत वाचणाऱ्या भागाचा) कोन बिघडलेला, एकाचे डॉल्बी (खरखर कमी करणारी सोय) चुकीचे, असे दोष साठत जातात. खरखर एक वेळ सहन होते, पण चौथ्या पिढीत झांजा जातात, मग श्रोत्यांच्या टाळ्यांची धार जाते आणि शेवटी सभागृहच ऐकू येईनासे होते. म्हणून आम्ही मास्टर मास्टर करतो.

आता मुठी आवळून बसलेल्यांना. ‘तुझ्याकडचे दे, मग माझे देतो’ हा व्यवहार कॅसेटच्या जमान्यात समजण्यासारखा होता. ९० मिनिटांची प्रत काढायला ९० मिनिटे लागत, कोरी कॅसेट विकत आणावी लागे आणि मूळ टेप प्रत्येक वेळी थोडी झिजे. फ्लॅक (आवाजातले काहीही न गमावता आकार कमी करणारी) फाइलच्या प्रतीला यातले काहीच लागत नाही. ग्रेटफुल डेडने ऑक्टोबर १९८४ पासून टेप करणाऱ्यांसाठी सभागृहात अधिकृत जागा राखून ठेवली आणि अट एवढीच घातली की या टेपांचा पैसा करायचा नाही. त्यांच्या मैफलींचा आज जेवढा साठा खुला आहे, तेवढा दुसऱ्या कोणत्याही रॉक बँडचा क्वचितच असेल. त्याच बँडची साउंड इंजिनियर बेटी कँटर-जॅक्सन हिने केलेली शेकडो रिळे भाड्याच्या गोदामात होती. भाडे थकले आणि १९८६ मध्ये ती लिलावात गेली. सुदैवाने घेणाऱ्यांपैकी काहींना त्यांचे मोल कळले. तिनेच टिपलेली ८ मे १९७७ ची कॉर्नेल विद्यापीठातली मैफल पुढे अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदीत निवडली गेली. तुमच्या पश्चात तुमचे कपाट कोण उघडणार आणि त्याला काय कळणार, याचा विचार करा.

आता कामाचे बोलू.

कॅसेट हातात घेतली की आधी तिच्या पाठीच्या कडेवरच्या दोन्ही प्लॅस्टिकच्या छोट्या पट्ट्या मोडून टाका, म्हणजे चुकून रेकॉर्डचे बटण दाबले गेले तरी काही पुसले जाणार नाही. मग लेबलाचे आणि कागदी कव्हराचे दोन्ही बाजूंनी फोटो घ्या. लेबल खोटे बोलू शकते. आपल्याकडे कोरी कॅसेट महाग होती तेव्हा जुन्यावरच नवे टेप करण्याची पद्धत होती, त्यामुळे वर ‘भक्तिगीते’ लिहिलेल्या कॅसेटच्या दुसऱ्या बाजूच्या शेवटी वीस मिनिटे मैफल शिल्लक असू शकते. दोन्ही बाजू शेवटपर्यंत ऐकल्याशिवाय कॅसेट टाकू नका.

पण ऐकण्याआधी खिडकीतून फीत नीट पाहा. मुंबईत आणि कोकणात पावसाळ्यात ठेवलेल्या टेपांवर बुरशी हमखास असते: गुंडाळीच्या कडेवर पांढरे ठिपके किंवा जाळी. अशी टेप डेकमध्ये घातली की बुरशी हेडवर जाते आणि तिथून पुढच्या प्रत्येक टेपवर. ती वेगळी काढा, झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक ठेवून आर्द्रता ३५ ते ४० टक्क्यांवर येऊ द्या आणि काही आठवडे तशीच राहू द्या. बुरशी कोरडी पडली की एन-९५ मास्क लावून, घराबाहेर, मऊ सुक्या कापडाने पुसत हाताने हळूहळू गुंडाळा. ओल्या फडक्याने पुसायला जाऊ नका.

बाकीचे दोष बहुतेक कवचातले असतात, फितीतले नसतात. फितीला हेडवर दाबून धरणारा फेल्टचा चौकोनी तुकडा पत्र्याच्या पट्टीला डिंकाने चिकटवलेला असतो आणि तो डिंक सुकून तुकडा पडतो. मग आवाज दबका येतो, मधूनच एक चॅनेल जातो आणि माणूस समजतो टेप खराब झाली. स्क्रूवाली चांगली कॅसेट घ्या, तिचे पाचही स्क्रू काढा, आतली फीत बाजूला करा आणि तिच्या कवचात आपली फीत बसवा. मूळ कवच स्क्रूऐवजी चिकटवलेले असेल तर कडेच्या सांध्यात पातळ पाते घालून उघडावे लागते. हे काम सावकाश करा, पाते फितीच्या बाजूला वळू देऊ नका. सुरुवातीची पारदर्शक पट्टी फितीपासून सुटली असेल तर कॅसेटसाठी मिळणारी जोडपट्टीच वापरा. साध्या सेलोटेपचा डिंक पाझरतो आणि शेजारचे वेढे एकमेकांना चिकटतात.

डेक कोणता, हा प्रश्न नेहमी येतो. तीन हेडचा, दुरुस्त केलेला, कोणत्याही चांगल्या कंपनीचा चालेल. घरात वीस वर्षे बंद पडलेला डेक तसाच लावू नका. त्याचे रबरी पट्टे वितळून डांबरासारखे झालेले असतात आणि पहिल्याच मिनिटात फीत खातात. पट्टे आणि दाबचाक बदलून घ्या, हेड आणि फितीचा मार्ग ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, आणि दर टेपनंतर पुन्हा पुसा.

आता सर्वांत जास्त नुकसान जिथे होते तिथे येतो: हेडचा कोन, म्हणजे अझिमथ. मैफलीतल्या यंत्राचे हेड ज्या कोनात होते, त्याच कोनात तुमच्या डेकचे हेड आले नाही, तर वरच्या पट्टीतले स्वर एकमेकांना खोडतात. स्टिरिओ कॅसेटवरचा एकेक ट्रॅक जेमतेम ०.६ मिलिमीटर रुंद असतो, तरीही केसाइतक्या फरकाने झांजा गायब होतात. हेडच्या बाजूचा छोटा स्क्रू टेप वाजत असताना पाव-पाव वळणाने फिरवा. दोन्ही चॅनेल एकत्र करून मोनोमध्ये ऐका. खरखर आणि झांजा जिथे सर्वांत उजळ होतील तिथे थांबा. दर टेपला, आणि शक्यतो दर बाजूला, हे पुन्हा करावे लागते. ‘माझी टेप मुळातच मंद आहे’ असे म्हणणाऱ्या बहुतेकांची टेप मंद नसते, हेड तिरके असते.

डॉल्बीची पाळी अझिमथनंतर. टेप डॉल्बी बी लावून केली होती की नाही हे लेबलावर नसेल, तर दोन्ही प्रकारे उतरवा आणि दोन्ही फाइली ठेवा. अझिमथ चुकलेला असताना डॉल्बी लावले की आवाज फुगतो-दबतो, आणि ते नंतर काढता येत नाही.

डिजिटल करताना संगणकाच्या माइकच्या भोकात वायर घालू नका. बाहेरचा ऑडिओ इंटरफेस (आवाज डिजिटल करून संगणकात नेणारे यंत्र) घ्या, २४ बिट आणि ९६ किलोहर्ट्झवर रेकॉर्ड करा, सर्वांत मोठा आवाज शून्याच्या ६ डेसिबल खाली राहील अशी पातळी ठेवा. मैफलीची सुरुवात हळू असते आणि पहिल्या ड्रमला पातळी उडते, म्हणून आधी मधला जोरकस भाग वाजवून बघा. ९० मिनिटांना साधारण ३.१ जीबी जागा लागते. फ्लॅक केले की बरीच कमी होते आणि एक बिटही हरवत नाही. एमपी३ मात्र कधीही मूळ म्हणून ठेवू नका. १२८ केबीपीएसची एमपी३ साधारण १६ किलोहर्ट्झच्या वरचे कापून टाकते. ती पुन्हा फ्लॅकमध्ये बदलून ‘लॉसलेस’ म्हणून देणारे आहेत, आणि स्पेक्ट्रोग्राममध्ये (आवाजातल्या कंपनसंख्यांच्या चित्रात) ती सरळ कापलेली रेघ लगेच दिसते.

मग वेग. हा कच्च्या प्रतीत दुरुस्त करायचा नाही, पण किती चुकला आहे ते मोजून लिहायचे. बॅटरीवरच्या यंत्राची बॅटरी मैफलीच्या शेवटी उतरत जाते, फीत हळू चालते, आणि आपण योग्य वेगाने वाजवली की स्वर चढा येतो. शेवटच्या गाण्यात गायकाचा आवाज बारीक वाटतो तो यामुळे. मोजायचे कसे? अमेरिकेतल्या सभागृहात अँप्लिफायरची गुणगुण ६० हर्ट्झची असते. ती टेपवर ६३ दिसली तर टेप ५ टक्के जास्त वेगात आहे, म्हणजे जवळजवळ एक अर्धस्वर वर. युरोपातल्या टेपला हा आकडा ५०. इथे एक फसगत होते: तुमच्या घरच्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुणही उतरवताना मिसळते, आणि ती कधीच हलत नाही. टेपवरची गुणगुण टेपबरोबर हलते, तीच मोजा. हॅमंड ऑर्गन वाजत असेल तर काम आणखी सोपे, कारण त्याच्या चक्रांचा वेग विजेच्या आवर्तनाशी बांधलेला असतो, तारांसारखा तो उतरत नाही. गिटारवर मात्र विसंबू नका, ती मुद्दाम अर्धा स्वर उतरवून लावलेली असू शकते.

रिळांचे वेगळे आहे. १९७० च्या दशकातल्या आणि नंतरच्या, पाठीवर काळा लेप असलेल्या काही फिती, विशेषतः अँपेक्स ४०६, ४५६ आणि स्कॉच २२६, ओलावा शोषून चिकट होतात. वाजवताना किंचाळतात आणि हेडवर तपकिरी चिखल सोडतात. किंचाळली की तिथेच थांबवा. त्यांना सुमारे ५४ अंश सेल्सियसला आठ तास किंवा अधिक, मधे रीळ उलटवून, नेमके तापमान राखणाऱ्या यंत्रात सुकवतात. स्वयंपाकघरातला ओव्हन चालत नाही, मायक्रोवेव्ह तर मुळीच नाही. त्यानंतर ती काही आठवडेच नीट वाजते, म्हणून उतरवायची तयारी आधी करून ठेवा. त्याआधी रीळ उजेडासमोर धरा: आरपार उजेड दिसला किंवा व्हिनेगरचा वास आला, तर ती अ‍ॅसिटेटची फीत आहे आणि तिला उष्णता लावायची नाही. कॅसेटही भाजू नका. रीळ वाजवताना मागे उलटे संगीत ऐकू आले तर टेप बिघडलेली नाही, ट्रॅकची रचना वेगळी आहे. पाव-ट्रॅकचे (फितीच्या रुंदीत चार ट्रॅक वाचणारे) यंत्र शोधा.

सफाई करायची तर कच्ची प्रत बाजूला सुरक्षित ठेवून करा. खरखर काढणारी सॉफ्टवेअर झांजांची शेपूट आणि सभागृहातली हवा दोन्ही खातात. तुमच्या कानाला आज जे स्वच्छ वाटते, ते दहा वर्षांनी चांगली साधने आल्यावर कुणाला तरी नव्याने करावेसे वाटेल, आणि त्याला कच्ची प्रत लागेल.

सोबत एक साधी मजकूर फाइल हवी: बँड, तारीख, गाव, सभागृह, मायक्रोफोन, यंत्र, ही मास्टर आहे की कितवी पिढी, कॅसेटचा मेक, कोणत्या डेकवरून, कोणत्या इंटरफेसमधून, डॉल्बी होते का, कुठे कापले गेले. ९० ची कॅसेट ४५ मिनिटांनी उलटवावी लागते आणि त्या वेळी गाणे तुटते. तो तुटलेला भाग जोडून लपवू नका. त्याच मैफलीची दुसऱ्या जागेवरून केलेली टेप सापडली तर तिथला तुकडा कुणी तरी भरेल. शेवटी एमडी५ तपासणी फाइल बनवा, म्हणजे हातोहात जाताना प्रत बदलली तर कळेल.

तारखेबद्दल खात्री नसेल तर तसे लिहा. चुकीचे लेबल किती काळ टिकते याचे उदाहरण बॉब डिलनच्या १९६६ च्या दौऱ्यात आहे. मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमधली १७ मे ची मैफल अनेक वर्षे लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलची म्हणून फिरली. १९९८ च्या अधिकृत प्रकाशनावरही ते जुने नाव अवतरणात ठेवावे लागले. टेपमध्येच पुरावा शोधा. जून १९७७ मध्ये लेड झेपेलिनने लॉस एंजेलिस फोरममध्ये सहा रात्री वाजवले: २१, २२, २३, २५, २६ आणि २७. यातल्या २३ तारखेला ‘द हू’चा ड्रमर कीथ मून मंचावर आला होता. तो ऐकू आला तर तारीख ठरली. गाण्यांच्या मधली बोलणी म्हणूनच कापू नका. तारीख ओळखायला गाण्यांपेक्षा तीच जास्त उपयोगी पडतात.

मुंबईबद्दल खास विनंती आहे. १९७२ मध्ये लेड झेपेलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत होते. इथल्या वादकांबरोबर त्यांनी स्टुडिओत केलेले ध्वनिमुद्रण २०१५ मध्ये अधिकृतपणे बाहेर आले. त्याच वर्षी कुलाब्याच्या ‘स्लिप डिस्क’ या डिस्कोमध्येही ते वाजवून गेले. मार्च १९८० मध्ये ‘द पोलिस’ हा ब्रिटिश बँड मुंबईत वाजवून गेला. त्या दोन्ही वेळी कुणी टेपरेकॉर्डर चालू ठेवला असेल, तर त्या टेपेची दहा मिनिटेही मोलाची आहेत, दर्जा कसाही असो. त्या काळी तिथे असलेली मंडळी आता सत्तरीच्या आसपास आहेत. त्यांच्या मुलामुलींनी हे पत्र त्यांना वाचून दाखवावे.

कायद्याचे थोडक्यात: टेप तुमच्या मालकीची असली तरी तिच्यावरच्या गाण्यांचे हक्क तुमचे नाहीत, म्हणून तिची विक्री कधीही करू नका, सीडीवर छापून विकणाऱ्यांना देऊ नका. बँडचा किंवा त्यांच्या वारसांचा अधिकृत संग्रह चालू असेल तर पहिली प्रत त्यांना देऊ करा. जिथे बँडने स्वतः परवानगी दिली आहे, तिथे ती खुल्या संग्रहात ठेवा. बाकी ठिकाणी निदान तीन वेगवेगळ्या घरांत तीन प्रती असू द्या.

स्वतः उतरवणे जमणार नसेल तर टेप जाणकाराकडे पाठवा, पण पावसाळ्यात नको. प्रत्येक कॅसेट तिच्या कडक डबीत ठेवा, फीत एका बाजूला पूर्ण गुंडाळलेली असू द्या, सिलिका जेलच्या पुडीसह बंद पिशवीत घाला, आणि खोक्यात दुसरे खोके अशा रीतीने चारही बाजूंनी किमान ८ सेंटिमीटर भराव ठेवून बांधा. विमानतळावरच्या क्ष-किरणांनी टेप पुसली जात नाही, लोहचुंबकाने जाते. त्यामुळे स्पीकर किंवा हेडफोन त्याच खोक्यात घालू नका. सगळ्या टेपा एकाच खेपेत पाठवू नका, आणि पहिली खेप परत येऊन फाइली वाजवून पाहिल्याशिवाय दुसरी रवाना करू नका.

आपले,
टेपा शोधणारे आणि उतरवणारे काही जण